घोड्यावर मावेल तेवढं

आमच्या घरातल्या कॉम्प्युटरची जागा भरली, तेव्हा मला पहिल्यांदा कळलं की त्यालाही पाठ असते आणि त्या पाठीवर मावेल तेवढंच मावतं.

मी तीस वर्षं घोडं लादलं. आम्ही मेंढरांमागची माणसं. दिवाळी झाली की गाव सोडायचं आणि पावसाच्या तोंडाशी परत यायचं. गडीमाणसं मेंढरं घेऊन रानारानातून जायची, आणि आम्ही बाया घोडं धरून सडकेनं पुढच्या मुक्कामाला. घोड्यावर पिठाचं गाठोडं, भांडी, अंथरुणं, रात्री मेंढरांभोवती लावायचं जाळं, दोन-तीन कोंबड्या आणि सगळ्यात वर नुकतीच जन्मलेली कोकरं. रोज सकाळी लादायचं, मुक्कामाला उतरवायचं. घोडं एकच. कोकरं कधी दोन, कधी सात. कोणतं वर बसेल आणि कोणतं पायी येईल, हे मी ठरवायची.

आता मुलगा शिवहार आणि सून सीमा मेंढरं घेऊन हिंडतात. शिरड शहापूरजवळ आमचं गाव आहे, तिथल्या घरात आम्ही तिघं असतो. मी, नात रागिणी आणि माझे मालक. मालकांचं नाव रखमाजी. तोंडानं मी ते कधी घेतलं नाही. पण एकसष्टाव्या वर्षी अक्षरं शिकले, तेव्हा स्वतःच्या नावाआधी तेच लिहून बघितलं. लिहायला कोणी मना करत नाही.

दोन वर्षांपूर्वी मालकांना लकवा मारला. उजवा हात गेला, उजवा पाय गेला. बोलणं राहिलं होतं, पण ते त्यांनी आपण होऊन सोडलं. दिवसभर खाटेवर पडून पत्र्याकडे बघायचे. गल्लीतून कोणाची मेंढरं निघाली की तोंड भिंतीकडे करायचे.

हिंगोलीत एक इंटरनेटचं दुकान बंद झालं, तेव्हा तिथला एक जुना कॉम्प्युटर शिवहारनं रागिणीच्या कॉलेजसाठी आणला. पोरीनं त्यात अभ्यास भरला आणि अभ्यासाच्या शेजारी गेम भरले. आमच्याकडे नेट म्हणजे मोबाइलचं, तेही रोजच्या मापाचं. म्हणून ती कॉम्प्युटरचा डबा उचलून हिंगोलीला अपर्णाकडे न्यायची. अपर्णा तिची कॉलेजातली मैत्रीण. बाप कचेरीत कारकून, घरी वायरचं नेट. तिथून रागिणी डबा भरून आणायची.

एक दिवस तिनं मालकांना खाटेवरून उठवून खुर्चीत बसवलं.

"आबा, डावा हात चालतो न्हवं? मग झालं. हितं चालायला डावाच हात लागतो."

पडद्यावर डोंगर होते, गवत होतं, खाली नदी. एक माणूस पाठमोरा उभा. मालकांनी डाव्या बोटानं एक बटण दाबलं तसा तो माणूस एक पाऊल पुढं गेला.

"हे रान कोणाचं?" मालकांनी विचारलं. कितीतरी महिन्यांत त्यांनी विचारलेली ती पहिली गोष्ट.

"कोणाचंच न्हाई, आबा."

"मग मेंढरं घातली तर कोणी काठी घेऊन येणार न्हाई?"

"न्हाई."

"असं रान कुठं असतंय का," मालक म्हणाले, आणि चालायला लागले.

त्या गेममध्ये लढाया होत्या, पुरलेला खजिना होता, असं रागिणी सांगायची. मालकांनी त्यातलं काही केलं नाही. सुरुवातीच्या गावात लढल्याशिवाय वेस ओलांडता येत नव्हती, ती लढाई रागिणीनं करून दिली. पुढं पाच महिने मालक नुसते चालले. पाणी शोधायचे. कुठलं गवत चांगलं, कुठल्या उतारावर दगड जास्त, हे आम्हाला सांगायचे. लांब एक बर्फाचा घाट दिसायचा, तिकडं त्यांचा रोख होता. घरात पुन्हा बोलणं सुरू झालं ते असं, त्या रानावरून.

अडचण एकच होती. पाय डाव्या हातात होते, पण मान वळवायची ती उजव्या हातातल्या माउसनं. तो हात नव्हता. म्हणून रागिणी शेजारी बसून माउस धरायची. ती कॉलेजला गेली की मालक सरळ चालायचे, आणि झाड आडवं आलं की उभे राहायचे. ती येईपर्यंत त्या झाडाकडे बघत बसायचे. भाकरी थापता थापता मी बघायची. मनात यायचं, जाऊन वळवून द्यावं. पण ते रागिणीचं काम, असं मी धरून चालले होते.

यंदा रागिणी चार पोरींच्या टीममध्ये गेली. नांदेडला रविवारी गेमची स्पर्धा होती, अपर्णा त्यांची कॅप्टन. सहा दिवस उरले असताना त्या गेमचं नवं अपडेट आलं, आणि पोरगी कागद-पेन घेऊन माझ्यासमोर येऊन बसली.

"आजी, तीन जीबी कमी पडून राहिले."

जीबी म्हणजे काय ते मला आजही सांगता येत नाही. पण पायली म्हणजे काय ते तरी कुठं सांगता येतं? मोजता येते, बस. तिनं मांडलेले आकडे मी वाचले. सगळी जागा दोनशे सदतीस. कॉम्प्युटरचं स्वतःचं आणि कॉलेजचं मिळून ऐंशी. टीमचा गेम पंचेचाळीस, तो आता नव्वद होणार. आबांचं रान सत्तर. गाड्यांच्या शर्यतीचा एक गेम, तीस.

"म्हणजे कोकरू मोठं झालं," मी म्हणाले.

"व्हय. आन् घोडं तेवढंच हाये." तिला माझी भाषा येते. "गाड्यांचं काढलं तरी तीन कमीच. फोटो काढले, जुने व्हिडिओ काढले. आता काढायला काय बी उरलं न्हाई."

खाटेवरून मालक म्हणाले, "माझं काढ."

"तुमाला इचारलं का कोणी?"

"म्हातारा एडका राखून कोणी कळप वाढवत न्हाई, पोरी."

"आबा, तुमी गप चहा प्या."

त्यांनी चहा घेतला. रागिणी चुलीपाशी आली आणि डाळ निवडायला लागली. निवडलेलीच डाळ होती. जरा वेळानं हळूच म्हणाली, "मी अपर्णाला सांगते, दुसरी पोरगी बघ म्हणून. आबांचं काढलं तर ते पुन्हा पत्र्याकडं बघत पडतील."

एक गोष्ट मला पटत नव्हती. लादणीत तीन जीबी कमी पडतात म्हणजे काय? घोड्यावर मावत नाही असं नव्या सुना रोज म्हणायच्या. त्यांना मी एकच सांगायची. वरून दाबू नका. सगळं खाली उतरवा आणि पहिल्यापासून लादा. आधी जड, दोन्ही बाजूंना सारखं. मग मऊ. मग कोकरं. असं केलं की हातभर जागा हमखास निघते. कित्येकदा निघालेली मी बघितली आहे.

दुसऱ्या दिवशी सकाळी रागिणी दळण घेऊन शिरड शहापूरला गेली. मालकांचा डोळा लागला होता. मी कॉम्प्युटरसमोर बसले. माउस मला अगदीच परका नव्हता. रागिणीनं पडद्यावर मोठी अक्षरं काढून माझ्याकडून वाचन करून घेतलेलं, तेव्हा हाताला सवय झाली होती. आणि गेम पाठीवरून कसा उतरवायचा ते मी बघितलं होतं. दिवाळीत तिनं माझ्यासमोर गाड्यांचा गेम उतरवला, तेव्हा यादीतलं त्याचं नाव पुसलं गेलं नाही, नुसतं फिकं झालं. संक्रांतीला बघितलं तर नाव परत उजळ. मी समजले, उतरवलेलं सामान शेजारीच पडून असतं, पाहिजे तेव्हा उचलून ठेवायचं. मधल्या काळात ती डबा घेऊन हिंगोलीला जाऊन आली होती. कशाला, ते मी विचारलं नव्हतं.

मी तिन्ही गेम उतरवले. एकेक नाव फिकं झालं. खालची जागा भसाभसा वाढली. मला फार बरं वाटलं. मग लादायला गेले, तर कुठं दाबायचं ते कळेना. म्हटलं, असू दे, अर्धं काम तर झालं.

रागिणी आली. दळण तिच्या डोक्यावरच होतं.

"आजी, हे काय?"

"उतरवून ठेवलंय समदं. आता नीट लादू. जागा निघते का न्हाई बघ."

"उतरवून कुठं ठेवलंय?"

"खाली."

"खाली कुठं?"

तिनं दळण खाली ठेवलं आणि खुर्चीत बसली.

"त्याला खाली नसतंय, आजी. पाठीवर हाये ते हाये. उतरलं की गेलं."

"नावं हायेत की सगळी."

"नावं कंपनीकडं हायेत. आपले हायेत गेम, ते कोणी नेत न्हाई. पण माल पुन्हा ओढून आणावा लागतोय. घरातले तिन्ही मोबाइल दिवसभर लावले, तरी आबांचं एकटं रान यायला पंधरा-सोळा दिवस."

"मग हिंगोलीला जाऊ. जिथून आणलं तिथून भरू."

"जाऊ." ती माउस फिरवत काहीतरी शोधत होती. मग हात थांबला. "आबा जिथवर चालले होते, ती खूण बी गेली. ती त्याच पेटीत होती. मीच येगळी काढून ठेवायला पायजे होती." ती मला बोलली नाही. बोलली असती तर सोपं गेलं असतं.

मालक जागे होते. कधीपासून, ठाऊक नाही. मी खाटेपाशी गेले आणि खाली बसले.

"आवं, तुमचं रान माझ्या हातनं गेलं."

"कसं गेलं?"

मी सांगितलं. सुनांना काय शिकवायची, गाड्यांचा गेम कसा परत आला होता, सगळं. मालकांच्या तोंडाची डावी बाजू हलली. लकव्यानंतर ते हसले की तेवढंच हलतं.

"काहून उतरवलं म्हणून इचारू नको तिला," ते रागिणीला म्हणाले. "उतरवल्याबिगर लादता येत न्हाई. हिच्या लादणीतनं तीस वर्षांत एक कोकरू पडलेलं न्हाई."

"मी कुठं काय म्हणले, आबा."

"घाट जवळ आला होता," मालक म्हणाले. "आठ दिवसांत वर गेलो असतो." आणि त्यांनी तोंड भिंतीकडे केलं.

दुसऱ्या दिवशी शेजारच्या नानीबाईला मालकांजवळ बसवून आम्ही दोघी हिंगोलीला निघालो. डबा मी घोंगडीत बांधून मांडीवर घेतला. एसटीत कंडक्टरनं विचारलं, "आजी, काय हाये हे?" मी म्हणाले, "रान हाये." त्यानं रागिणीकडे बघितलं. ती खिडकीतून बाहेर बघत हसत होती. दोन दिवसांत पहिल्यांदा.

अपर्णानं दार उघडलं ते हात जोडूनच. "या आजी. चार सेकंदांत अख्खी डिस्क साफ करणारं माणूस मी आजवर बघितलं नव्हतं."

"चार न्हाई. तास लागला मला," मी म्हणाले.

तिच्या आईनं, विजयाबाईंनी, पोहे केले. पोरींनी डबा लावला. अपर्णा म्हणाली, "आधी आपला गेम टाकू. नव्वद. मग उरली जागा तर आबांचं बघू. स्पर्धा रविवारी आहे, रागिणी."

रागिणी माउस धरून बसली होती. तिनं माझ्याकडे बघितलं नाही.

"आमच्यात एक रीत हाये," ती अपर्णाला म्हणाली. "जे कोकरू चालू शकतं ते खाली चालतं. जे चालू शकत न्हाई तेच घोड्यावर बसतं."

"म्हणजे?"

"म्हणजे आबांचं आधी. आपला गेम मावला तर मावला. न्हाई मावला तर मी सरावाला रोज तुझ्या घरी येऊन बसते, पहाटेची एसटी धरून. मी चालू शकते."

मी पोह्यांच्या ताटलीत बघत राहिले. ही रीत तिला शिकवल्याचं मला आठवत नव्हतं. सीमाच्या मागं घोड्यावर बसून लहानपणी हिंडली, तेव्हा कधी कानावर पडली असेल.

रान चढायला दुपार झाली. ते चढून आकडा बघितला तर सत्तरचं सहासष्टच भरलं. रागिणीनं पुन्हा बघितलं. अपर्णानं बघितलं. मग टीमचा गेम चढवला, तर नव्वदच्या जागी ब्याऐंशी. गाड्यांचा गेम बाहेर ठेवावा लागला, पण बाकी सगळं मावलं. वर नऊ जीबी उरले.

"हे कसं काय?" रागिणी म्हणाली.

अपर्णानं जरा खोदून बघितलं. मग तिनं कपाळाला हात लावला. आधीच्या अपडेटांची अडगळ आत साचली होती. आपल्या कोणालाच न कळणाऱ्या तीन परदेशी भाषांतले आवाज होते. जुन्या सामन्यांची रेकॉर्डिंगं गेमच्या पोटात पडून होती. नव्यानं भरताना त्यातलं काहीच आलं नाही.

"पहिल्यापासून लादलं की हातभर जागा निघतेच," मी म्हणाले. पोह्यांवर लिंबू पिळलं.

"आजी, तुम्ही टीममध्ये या," अपर्णा म्हणाली.

घरी आलो. नांदेडला जाईपर्यंत रागिणीचा सराव चालला, पण शुक्रवारी तिनं वेळ काढून सुरुवातीच्या गावातली लढाई पुन्हा केली आणि मालकांना वेशीबाहेर आणून उभं केलं. मालक म्हणाले, "हे तर फार मागं हाये." घाट कुठं दिसत नव्हता. मधे एवढं रान होतं की डोंगरसुद्धा धुरकट वाटत होते.

शनिवारी सकाळी रागिणी नांदेडला गेली. जाताना तिनं मालकांना खुर्चीत बसवून दिलं. मालक सरळ चालत राहिले. गवतातून, एका ओढ्यातून. मग बाभळीसारखं एक झाड आडवं आलं, आणि ते उभे राहिले.

मी चुलीपुढे होते. परातीत अर्धं पीठ मळून झालं होतं. हात धुतले, पदराला पुसले आणि त्यांच्या उजव्या बाजूला स्टूल ओढून बसले. माउस धरला. याच हातानं सगळं घालवलं होतं, म्हणून जरा भीती वाटली.

"कुठं वळवू?"

मालकांनी माझ्याकडे बघितलं. "तुला येतं?"

"उतरवायला येतं. वळवायचं बघते."

मी वळवलं ते जास्तच वळलं. आधी आभाळ आलं, मग आमचेच पाय. मालकांच्या तोंडाची डावी बाजू हलली. "घोडं बुजलं तुझं," ते म्हणाले. तिसऱ्या वेळी झाड बाजूला झालं आणि पुढं वाट दिसली.

"चला," मी म्हणाले.

चार-पाच टेकड्या आम्ही ओलांडल्या. ते चालत होते, मी बघत होते. मग माझ्या लक्षात आलं की असं आम्ही कधी केलंच नव्हतं. तीस वर्षं एकाच मुक्कामाला निघायचो, पण ते रानातून आणि मी सडकेनं. दिवसभरात त्यांनी काय बघितलं ते मला कळायचं नाही, आणि मी काय बघितलं ते त्यांना. भेट व्हायची ती चुलीपाशी. लग्नाला पन्नास वर्षं होत आली, आणि ही त्यांच्या शेजारून माझी पहिली चाल.

"तिकडं नको," मी म्हणाले. "सखल हाये. ओल लागंल."

"मुक्काम करायचा का?"

"दिवस कलला तिथला. करायला पायजे."

"मग जागा तू बघ."

मी हळूहळू मान फिरवली. गवत कुठल्या अंगाला झुकतंय ते बघितलं. म्हणजे वारा तिकडून. पाण्याच्या वर, पण फार वर नाही. पाठीला दगडांची आड. एक जागा सापडली.

"हितं."

मालक तिथं जाऊन उभे राहिले. बराच वेळ त्या जागेकडे बघत राहिले.

"मी मेंढरं घेऊन यायचो तवर चूल पेटलेली असायची," ते म्हणाले. "जागा कशी निवडत होतीस, हे कधी बघाया मिळालंच न्हाई."

मी माउस मागं फिरवला. आम्ही आलो ती सगळी वाट दिसायला लागली, ओढा, झाड, अगदी लांब ते वेशीचं गाव.

"मागं काय बघतीस?" मालकांनी विचारलं.

"कोणी राहिलं का, बघते," मी म्हणाले.